टेप संपली तिथून पुढे

जर्मनीहून परत आल्यावर शेजारच्या बायकांनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "एक स्वयंपाकघर, एक तळघर आणि एक गवताचं कोठार." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. तसं लेकीने पुष्कळ फिरवलं, राजवाडा दाखवला, नदीतून बोटीने नेलं. त्याचे फोटो फोनमध्ये आहेत, ज्याला हवे त्याने चहाला यावं आणि पाहावेत. पण ते सगळं तुम्हाला इंटरनेटवर माझ्यापेक्षा चांगलं पाहायला मिळेल. मला सांगायचंय ते इंटरनेटवर नाही.

मी गेले ती ह्यांच्या एका वहीपायी. आमचे हे, श्रीकांत, साताऱ्याला पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर कालव्यांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी घरी आले की आतल्या खोलीचं दार लावून अमेरिकेतल्या दोन भावांची गाणी ऐकत बसायचे. क्लाइड आणि वेस्ली हॅरल्सन. थोरला गिटार वाजवायचा आणि खालच्या सुरात गायचा. धाकटा मँडोलिन वाजवायचा आणि भावाच्या आवाजावर अगदी टिपेला जाऊन गायचा. बरोबर बँजो, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, आणि माणसाएवढा उंच बास. तबला नाही, ढोलक नाही, तरी सगळं कसं उधळल्यासारखं पळत असतं. या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. मी त्याला टणटण म्हणायचे. शाळेत जन्मभर संगीत शिकवलेली बाई मी, यमन-भूप सोडून घरात हे काय, म्हणून कपाळाला आठी. ह्यांनी मात्र एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनं मँडोलिन मिळवलं आणि दाराआड एकट्याने वाजवत राहिले. कुणासमोर कधी वाजवलं नाही. कमालीचे भिडस्त. रिक्षावाला चुकीच्या गल्लीत शिरला तरी त्याला न सांगता उतरून चालत येणारे.

त्या भावांच्या चाहत्यांची एक पत्रिका तेव्हा निघायची. तीत पत्ता पाहून ह्यांनी एक पत्र टाकलं आणि जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गहून उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याचं नाव हॉर्स्ट. तिथून जी पत्रांची ये-जा सुरू झाली ती हे जाईपर्यंत.

हे दोघे भाऊ एकदाच आपल्या बँडबरोबर जर्मनीत आले होते. फ्रँकफुर्टजवळच्या एका गावच्या हॉलमध्ये त्यांनी शेवटी एक धून वाजवली. ती त्यांच्या कुठल्याच रेकॉर्डवर नाही. तिला नावही नाही. हॉर्स्ट तिथे हजर होते आणि त्यांनी ती टेपच्या मोठ्या स्पूलवर रेकॉर्ड केली होती. पुढे कित्येक वर्षांनी तिची कॅसेट करून त्यांनी ह्यांना पाठवली, तेव्हा गौरी माझ्या पोटात होती. ह्यांनी कॅसेट ऐकून ऐकून धून सा रे ग म मध्ये उतरवली. तसं लिहायला मीच शिकवलं होतं त्यांना, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. नंतर हॉर्स्टच्या तळघरात पाणी शिरलं आणि स्पूल गेलं. आमच्या कॅसेटला बुरशी लागली. त्यामुळे ती धून आता फक्त ह्यांच्या वहीत उरली होती.

हॉर्स्ट दर नव्या वर्षाच्या कार्डात विचारायचे, "नोटेशन कधी पाठवता?" आणि हे दरवेळी लिहायचे, "लवकरच." मी म्हणायचे, "अहो, झेरॉक्स काढून टाका ना पोस्टात." "हो, टाकू," म्हणायचे आणि बाजारातून काय आणायचंय ते विचारायला लागायचे.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. हॉर्स्टचं सांत्वनाचं पत्र आलं. चार ओळी मनापासून लिहिलेल्या, आणि पाचवी: "मला ऐंशी पूर्ण झाली आहेत. ती धून मला मरायच्या आधी पुन्हा एकदा ऐकायची आहे. वहीचं काय?" आधी मला रागच आला. मग हसू आलं. वही पाठवून उपयोग नव्हता, कारण तिथे ती वाचणार कोण? गौरी फोनवर म्हणाली, "आई, तूच ये घेऊन."

कार्ल्सरूहे

गौरी तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जावई, निखिल, आठवडाभर गेर्लिंगेनच्या बाजूला ऑफिसात असतात आणि शुक्रवारी उगवतात. नात इरा नऊ वर्षांची. मी मराठीत बोलते, तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. दोन दिवसांत आमचं छान जमलं. तिला काय हवंय ते तिच्या तोंडाकडे पाहिलं तरी कळतं, नऊ वर्षांच्या मुलीला असं कितीसं अवघड काही हवं असतं?

पहिल्याच रविवारी माझ्या हातून घोळ झाला. हॉर्स्टसाठी दाण्याची चटणी करायची म्हणून मी दुपारी गौरीचा खलबत्ता काढला आणि कुटायला बसले. पाच मिनिटांत दारावर बेल. खालच्या मजल्यावरच्या बाई. हसतमुख, पण सरळ मुद्द्याला हात: आज रविवार आहे, आवाज करायचा नसतो, कृपया उद्या कुटा. गौरीने माफी मागितली. मी ओशाळून त्यांच्या हातावर चमचाभर चटणी ठेवली. त्यांनी ती तिथेच खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाल्या, "फार तिखट आहे. मला नाही आवडली. पण थँक यू." आणि गेल्या.

मी दाराशी उभीच. आमच्याकडे असं झालं असतं तर खालच्या बाईंनी सहा महिने सोसलं असतं, मला सोडून साऱ्या सोसायटीला सांगितलं असतं, आणि चटणी "वा, मस्त" म्हणून घरी नेऊन कामवाल्या मावशींना दिली असती.

"रागावल्या का गं?" मी विचारलं.

"छे गं आई. संपलं ते. उद्या भेटल्या की हॅलो म्हणतील बघ."

आणि खरंच म्हणाल्या.

बाड हॉम्बुर्ग

शुक्रवारी आम्ही तिघी हॉर्स्टकडे गेलो. निखिलना सुट्टी नव्हती. गाव टुमदार, मागे टाउनसचे हिरवे डोंगर. दारात हॉर्स्ट उभे: उंच, किंचित वाकलेले, पँटला गॅलिस, आणि हातात चपलांचे तीन जोड. पाहुण्यांसाठी घरात घालायच्या चपला मापाप्रमाणे फळीवर लावलेल्या असतात. मी अनवाणीच बरी म्हटल्यावर त्यांनी माझ्या पायांकडे काळजीने पाहिलं आणि "फरशी थंड आहे" म्हणून चपला माझ्यापुढे ठेवल्याच.

जेवायला त्यांनी स्वतः हिरवा सॉस केला होता. सात प्रकारचा पाला बारीक चिरून आंबट सायीत कालवायचा, आणि उकडलेले बटाटे नि अंडी त्यात बुडवून खायची. त्या भागात हा सॉस म्हणजे अभिमानाचा विषय. चव चांगली, फक्त कुणीतरी फोडणी द्यायला विसरलंय असं वाटत राहतं. मी हळूच चटणी पुढे केली. हॉर्स्टनी ती बटाट्यावर पसरली, घाम पुसला आणि आणखी घेतली. कंदी पेढ्याला "फार गोड" म्हणाले आणि तीन खाल्ले.

गप्पांत कळलं, हे गृहस्थ नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर होते. म्हणजे इकडे हे कालवे आखत होते, तिकडे ते नळ सांभाळत होते, आणि चाळीस वर्षं दोघांनी पत्रात पाण्याचा विषय काढला नाही, फक्त दोन भावांचा.

"साऱ्या गावाचं पाणी मी सांभाळलं," तळघराच्या पायऱ्या उतरताना हॉर्स्ट म्हणाले, "आणि माझ्याच तळघरात शिरलं."

खाली भिंतभर फाइली होत्या. पाण्यानंतर त्यांनी सगळं वरच्या फळ्यांवर हलवलं होतं. एका फाइलीच्या पाठीवर टाइप केलेलं: श्रीकांत, सातारा. ह्यांचं एक-एक पत्र तारखेप्रमाणे लावलेलं. ते निळं इनलँड नव्हे, परदेशी पाठवायचं पातळ पत्र, आणि त्यावर ते ड्राफ्ट्समनचं मोत्यासारखं अक्षर. हॉर्स्टनी कॅसेट पोचल्याचं पत्र काढून मला वाचायला दिलं. "आपण एवढे कष्ट घेऊन पाठवलेली कॅसेट मिळाली. सगळेच्या सगळे सूर साताऱ्याला सुखरूप पोचले."

मग त्यांनी आणखी एक पत्र काढलं. "हे तुम्ही वाचा. हे तुमच्याबद्दल आहे."

ह्यांनी लिहिलं होतं, "माझी पत्नी संगीत शिकवते. तिला आपले भाऊ पसंत नाहीत. पण कधी कधी पोळ्या करताना ती त्यांचंच गाणं गुणगुणत असते आणि तिला ते ठाऊक नसतं. मी सांगत नाही. सांगितलं तर थांबेल."

मला रडू आलं. इतकी वर्षं मी ज्या दाराकडे आठ्या घालून पाहिलं, त्या दाराआडून हा माणूस माझं ऐकत होता. हॉर्स्टनी रुमाल दिला आणि मी थांबेपर्यंत फाइलींच्या पाठी सरळ करत राहिले. इराने माझा हात धरला होता.

दुपारी स्वयंपाकघरात तालीम. हॉर्स्टच्या चाहतेमंडळींचा एक बँड आहे. मँडोलिन वाजवणारी आन्क ही दातांची डॉक्टर, पन्नाशीची, हसली की सगळं स्वयंपाकघर हसतं. बाकीचे चौघे असेच आपापले उद्योग सांभाळून वाजवणारे. दरवर्षी एका शनिवारी जवळच्या खेड्यातल्या कोठारात ही मंडळी जमतात आणि दुपारभर हॅरल्सन भावांची गाणी वाजवतात. नियम कडक: भावांनी आणि त्यांच्या बँडने वाजवलं तेवढंच, आणि वाजवलं तसंच. प्रत्येक गाण्याचं हॉर्स्टनी एक कार्ड केलंय, कुठे वाजवलं, कोण कोण होतं. गाण्याआधी ते कार्ड वाचायचं, मग वाजवायचं. या नाव नसलेल्या धुनेच्या कार्डावर इतकी वर्षं एवढंच होतं: "नोटेशन साताऱ्यात आहे."

त्यांची आणखी एक पद्धत मला फार आवडली. भावांचा बँड एकाच मायक्रोफोनवर वाजवायचा, म्हणून हेही तसंच करतात. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, आधीचा मागे होतो, बासवाला जागचा हलत नाही, आणि बाकीचे चौघे एकमेकांना धक्का न लावता फुगडीसारखे फिरत राहतात. तालमीला मायक्रोफोन नव्हता, तर आन्कने बरणीत लाकडी पळी उभी केली आणि सगळे त्या पळीभोवती उभे राहिले.

माझी पट्टी काळी चार, त्यांची पांढरी सहा. अर्ध्या सुराचा प्रश्न होता, मी म्हटलं चालेल. वही उघडली. डाव्या पानावर पहिला भाग, उजव्या पानावर दुसरा. मी पहिला भाग सरगमने गायला लागले आणि दोन ओळींतच चमकले. अहो, हा तर आपला भूप! मध्यम नाही, निषाद नाही, सगळा मोकळा मोकळा. आन्कने एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा मँडोलिनवर धरलं, तिसऱ्यांदा बँजो पळायला लागला. मी न राहवून "वा!" म्हटलं, तर बँजोवाला दचकून थांबलाच. त्याला वाटलं काही चुकलं. गौरीने समजावलं की आमच्याकडे ही शाबासकी असते, आणि ती मध्येच द्यायची असते. तो म्हणाला, "आह, गेनाऊ!" म्हणजे "अगदी बरोबर!" आणि पुन्हा सुरू झाला. हॉर्स्ट खुर्चीत डोळे मिटून बसले होते. गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"हीच," ते म्हणाले. "अगदी हीच."

दुसऱ्या भागात सूर वर चढत जात होता आणि तीव्र मध्यम लागत होता. आन्कच्या भुवया उंचावल्या. "सुंदर आहे. पण भावांनी असा सूर दुसरीकडे कुठे लावलेला मी ऐकला नाही." सगळ्यांनी हॉर्स्टकडे पाहिलं. त्यांनी कपाळ चोळलं.

"मला हे आठवत नाही," ते म्हणाले. "आल्झो, बरं, पण वहीत आहे ना? माझ्या आठवणीवर माझा विश्वास नाही. कागदावर आहे."

संध्याकाळी त्यांनी टाइपरायटर काढला आणि नवं कार्ड केलं. निघताना दारात माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "उद्या मी ते ऐकणार. मग बाकी काही राहिलं नाही."

डोंगरातलं खेडं, शनिवार

सकाळी मुक्कामाच्या खोलीत मी आन्कसाठी धून सी, डी, ई अशा तिच्या अक्षरांत उतरवत बसले. शेवटची ओळ संपली म्हणून पान उलटलं, तर मागे पेन्सिलीने लिहिलेलं. अक्षर ह्यांचंच, पण बारीक, कुणाला दिसू नये असं.

"कॅसेट इथे संपली. पहिला भाग दोनदा वाजला, दुसरा सुरू होताच खट्. पुढचा भाग माझा, जमला तसा. हॉर्स्टला कळवावे का? नको. एवढ्या प्रेमाने पाठवली, अपुरी आली असे कसे लिहायचे? आणि सगळे सूर पोचले असे लिहून बसलो आहे."

मी ते दोनदा वाचलं. आधी फस्सकन हसले. तीव्र मध्यम कुठून आला ते कळलं, माझ्या यमनातून आला होता. मग हसू विझलं. नोटेशन का पाठवत नव्हते तेही कळलं. तळघरात पाणी शिरल्यानंतर ह्या माणसाने किती रात्री तळमळत काढल्या असतील, आणि शेजारी झोपलेल्या मला पत्ता नाही.

गौरीला दाखवलं. ती खाली बसली. "आई, काही बोलू नकोस. कुणाला कळणारे? तो म्हातारा माणूस इतका खूश आहे. आज सगळं गाव जमणार. बाबांनी नाही सांगितलं, तू कशाला सांगतेस?"

"खरी धून नाही ती."

"त्यांच्यासाठी आहे ना खरी!"

इरा पलंगावर बसून सॉक्स घालत होती. वर न पाहता म्हणाली, "आबर दास इस्ट गेलोगन, आजी."

"काय म्हणतेय?"

"पण हे खोटं आहे, म्हणतेय," गौरी म्हणाली.

कोठार गावाबाहेर, भोवती सफरचंदाची झाडं. आत वाळक्या गवताचा वास, लांब बाकं, एका टेबलावर केक आणि बटाट्याच्या सॅलडची भली मोठी भांडी, प्रत्येकाने घरून आणलेली. हॉर्स्ट बाकांची रांग दोरी लावून सरळ करत होते. मी सरळ त्यांच्यापुढे गेले आणि वही उघडून ठेवली. माझं इंग्रजी शाळामास्तरणीचं, पण त्या दिवशी अडखळले नाही. पेन्सिलीचा शब्द न् शब्द सांगितला.

ते ऐकत राहिले. मग बाकावर बसले.

"स्पूल तेव्हा माझ्या कपाटात होतं," ते म्हणाले.

"हो."

"एक पोस्टकार्ड. दोन ओळी. मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा पूर्ण कॅसेट पाठवली असती."

"हो."

"मग आज ती धून असती."

"हो."

"वारूम?" आवाज चढला. केकच्या टेबलापाशी माणसं वळून पाहायला लागली. "का नाही लिहिलं?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"मला आत्ता वाईट वाटतंय!"

माझ्या नवऱ्याचा चांगुलपणा असा की त्यापायी मित्राची एकुलती एक इच्छा बुडाली. लाज वाटली, आणि ह्यांची इतकी दया आली की समोर असते तर आधी ओरडले असते आणि मग जेवायला वाढलं असतं. हॉर्स्ट उठले, हातातली दोरी बाकावर ठेवली आणि झाडांतून चालत निघून गेले. गौरी माझ्याकडे पाहत होती. "सांगितलं ना मी," असं ती म्हणाली नाही, तेवढी ती माझी लेक आहे.

कार्यक्रम सुरू झाला. कोठार भरलं होतं, म्हातारे जास्त, तरुणही बरेच, कडेवर पोरं घेतलेले. त्या एका मायक्रोफोनभोवती चौघे फिरत होते आणि दोन आवाज एकाला एक चिकटून वर चढत होते. पहिल्यांदाच मी ते दार न लावता ऐकलं. एक भाऊ गातो आणि दुसरा त्याच्या पुढे जात नाही, मागे राहत नाही, फक्त वर उभा राहतो. त्या भावांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांचा मला फार लळा लागला. ह्यांना काय ऐकू येत होतं ते त्या बाकावर मला कळलं.

पण आमच्या धुनेची वेळ आली तरी हॉर्स्टचा पत्ता नव्हता. आन्कने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ती पुढचं गाणं घेणार एवढ्यात ते दारातून आले. सरळ मायक्रोफोनपाशी गेले. हातात तेच टाइप केलेलं कार्ड, त्यावर पेनाने खाडाखोड.

ते वाचू लागले आणि गौरी माझ्या कानाशी मराठीत सांगत होती. "पहिला भाग, क्लाइड आणि वेस्ली हॅरल्सन आणि त्यांचा बँड. दुसरा भाग," त्यांनी चष्मा नीट केला, "श्रीकांत, ड्राफ्ट्समन, पाटबंधारे खातं, सातारा."

पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी हात वर केला. नियमात बसतं का, अशी शंका.

"नियम मी केला होता," हॉर्स्ट म्हणाले आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

बँड सुरू झाला. पहिला भाग दोनदा. मग आन्क मायक्रोफोनकडे सरकली आणि माझ्या नवऱ्याचा दुसरा भाग, जो कालपर्यंत त्या बंद खोलीबाहेर कधी वाजला नव्हता, तो त्या कोठाराच्या आढ्यापर्यंत चढला. तीव्र मध्यम लागला तेव्हा मला आजूबाजूचं काही दिसेना. लोक पायाने ठेका धरत होते. ज्या माणसाला रिक्षावाल्यासमोर तोंड उघडवत नव्हतं, त्याच्या सुरांवर दोनशे पाय हलत होते.

"नाइन!" म्हणजे "नाही!" असा शेजारून आवाज आला. चांगला मोठ्याने.

मी वळले. हॉर्स्ट ताठ बसले होते. उजवा हात पुढे करून तो हळूहळू खाली आणत होते, पायऱ्या उतरल्यासारखा. दुसरा भाग पुन्हा आला, धून वर गेली आणि त्यांचा हात पुन्हा खाली गेला. टाळ्या पडायच्या आत त्यांनी माझं मनगट धरलं.

"वर नाही जात!" ते म्हणाले. "काल मी कागद ऐकत होतो. आज मला ठाऊक होतं की कागद चुकतोय. ती खाली जाते. खाली! या!"

आत पुढचं गाणं सुरू झालं होतं, म्हणून आम्ही बाहेर झाडाखाली आलो. मी वही मांडीवर घेतली. ह्यांच्या पेन्सिलीच्या ओळींखाली अर्धं पान कोरं होतं. हॉर्स्टनी खिशातली पेन्सिल मला दिली, झाडाला एक हात टेकला आणि गायला लागले. आवाज जुन्या दारासारखा करकरत होता, पण धून होती. मी लिहू लागले. पहिली ओळ मंद्र सप्तकाकडे उतरली. दुसरीत निषाद कोमल लागला आणि मी त्याखाली आडवी रेघ ओढली.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी त्यांचा श्वास अपुरा पडला आणि सूर घसरला. सूर कुठे जायला हवा होता याचा मला अंदाज होता. साताऱ्यात असते तर एवढ्या वयाच्या माणसाला मी काही बोलले नसते, मनानेच दुरुस्त करून लिहून टाकलं असतं.

मी पेन्सिल उचलली. "हॉर्स्ट, हा लागला नाही. पुन्हा म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.